अनुभव धागा: कॉमिक्स, ग्रंथपाल आणि खानदेश

डांबरगोळी (जळगाव)

१२ ऑगस्ट म्हणजे भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांची जयंती, आपला ग्रंथपाल दिन. फोटोला हार झाला, त्यांच्या ग्रंथालयशास्त्राच्या पंचसूत्रांवर भाषण झालं (१९३१ पासूनची सूत्रं, वाचण्याचा सूरही बहुतेक तेव्हापासूनचा), अनुदानावर चर्चा झाली, मग अनुदानावर आणखी चर्चा झाली आणि शेवटी चहा आला. चहाच्या वेळी कॉमिक्समधल्या वेताळाचा (फँटमचा) विषय निघाला आणि कुणीतरी सहज विचारलं, "वेताळाच्या अंगठीवर काय असतं हो?" निवृत्तीला टेकलेले, चष्मा नाकाच्या शेंड्यावर ठेवून आयुष्य काढलेले पाच-सात जण एका सुरात ओरडले, "कवटी!" सभेत एकमेकांकडे बघितलंही नव्हतं अशी माणसं जिन्यात उभी राहून जादूगार मँड्रेक मोठा की दरोडेखोरांशी लढणारा बहादूर यावर भांडली.

म्हणून हा धागा. तुमच्या वाचनालयातली, शाळेतली, कॉलेजातली कॉमिक्सची आणि हसण्याची गोष्ट लिहा. वाचनालयाचं नाव नको, वाचकाचं तर मुळीच नको. "वाचनसंस्कृती लोप पावत चालली आहे" हे वाक्य वापरणाऱ्याला रोज एक रुपया विलंब शुल्क.

लोकोशेड (भुसावळ)

पहिला नंबर माझा. वडील रेल्वेत. भुसावळला गाडी चांगली पाय पसरून थांबायची आणि व्हीलरच्या स्टॉलवर इंद्रजाल कॉमिक्स दिसायची. टाइम्सवाल्यांनी १९६४ साली वेताळापासून सुरुवात केली, पुढं ती मराठीतही यायला लागली. आमच्या क्वार्टर्समध्ये एकच अंक तीन भाषांत फिरायचा. मराठी आमच्याकडे, हिंदी शेजारच्या खंडव्याच्या कुटुंबाकडे, आणि इंग्रजी एका अँग्लो-इंडियन गार्डसाहेबांकडे. मराठी वाचून झाला की तोच अंक मी इंग्रजीत मागून आणायचो. चित्रं तीच, गोष्ट पाठ, त्यामुळं इंग्रजी आपोआप कळत जायचं. शाळेतले सर माझ्या इंग्रजीचं श्रेय स्वतःकडे घ्यायचे. मी कधी बोललो नाही.

उन्हाळ्याच्या सुट्टीत एक जण दोरीवर अंक टांगून भाड्यानं द्यायचा. त्याच्याकडे रजिस्टर नव्हतं, तारीखपत्रक नव्हतं, पण कुणाकडे कोणता अंक आहे हे तोंडपाठ. अंक दुमडून आणला तर पुढचा मिळायचा नाही. देवघेव विभाग कसा चालवावा हे मी बी.लिब.च्या (ग्रंथालयशास्त्राच्या पदवीच्या) आधी त्याच्याकडून शिकलो.

इंद्रजाल १९९० ला बंद पडलं. माझ्याकडचे अंक मी रीतसर दाखल करून घेतले आहेत. दाखल क्रमांक, शिक्का, पाठीवर लेबल, सगळं. बायको म्हणते, घरात धान्य किती आहे याची नोंद नाही, वेताळाची मात्र आहे.

मॅडम पुस्तक द्या (धुळे तालुका)

शाळेत ग्रंथपाल आहे. एका माजी विद्यार्थ्यानं अमर चित्र कथांचे जुने अंक देणगी दिले. अगदी सुरुवातीचे, क्रमांक ११ 'कृष्ण' पासून पुढचे. मी आनंदानं दाखल केले. तपासणीला आलेल्या साहेबांनी यादीवर बोट ठेवलं, "संच अकरापासून सुरू होतो. पहिले दहा कुठं गेले?"

मी सांगितलं, साहेब, अनंत पै यांनी १९६७ साली मालिका काढली तेव्हा पहिले दहा अंक परदेशी परीकथांचे होते. आपल्याकडच्या गोष्टी अकराव्या अंकापासून सुरू होतात. देणगीदाराकडे तिथूनच होते.

साहेब म्हणाले, "म्हणजे दहा गहाळ."

मी म्हटलं, आलेच नाहीत ते गहाळ कसे होतील?

ते म्हणाले, "क्रमांक आहे म्हणजे वस्तू आहे."

मुख्याध्यापकांनी मला खुणेनं गप्प केलं आणि शेवभाजी मागवली. जेवण झाल्यावर शेरा बदलला: "संच अपूर्ण, पूर्ण करून घ्यावा." तेव्हापासून दरवर्षी तोच शेरा पुढं चालू आहे. सिंड्रेला, स्नोव्हाइट वगैरे मंडळी आमच्या शाळेत येणं बाकी आहेत.

बिंदूनंतर पाच (जळगाव, कॉलेज)

ताई, तुमचा खरा प्रश्न पुढचा आहे. हे अंक ठेवले कुठं? ड्यूईच्या वर्गीकरणाप्रमाणं कॉमिक्सचा क्रमांक ७४१.५. म्हणजे व्यंगचित्रं आणि रेखाटनाच्या घरात.

मॅडम पुस्तक द्या

सर, मग शिवाजी महाराजांचं चरित्र चित्रकलेत ठेवू? आमचे इतिहासाचे सर मला वर्गाबाहेर उभं करतील.

बिंदूनंतर पाच

चरित्रात टाका मग, ९२०. आणि कृष्ण २९४.५ मध्ये, हिंदू धर्म.

लोकोशेड

आणि बिरबल लोककथांत, ३९८.२. अभिनंदन सर, एक मालिका चार कपाटांत. रंगनाथनांचं चौथं सूत्र, वाचकाचा वेळ वाचवा.

मॅडम पुस्तक द्या

सगळे अंक खालच्या रॅकवर ठेवलेत, पाचवीच्या पोराचा हात पोचतो तिथं. लेबलवर नुसतं 'चित्र' लिहिलंय. पोरं येतात, म्हणतात, "मॅडम, चित्रंवालं पुस्तक शे का?" आणि स्वतःच जाऊन काढतात.

ड वर्ग (रावेर तालुका)

तुमच्याकडे कपाटं चार आहेत हेच ऐकून बरं वाटलं. आमचं ड वर्गाचं, म्हणजे सगळ्यात खालच्या श्रेणीचं वाचनालय. अनुदान ३०,००० चं ४८,००० झालं तेव्हा गावात पेढे वाटावेत असं मनात आलं, पण पेढ्यांचा खर्च कोणत्या शीर्षात दाखवायचा ते सुचेना.

आमचा वाचक म्हणजे केळीवाला. दिवसा कापणी, ट्रक भरणं. वाचनालयात येणार दिवेलागणीनंतर. कादंबरी न्यायची, चार पानांवर झोप लागायची, महिन्यानं परत. मग कपाटात पडलेली व्यंगचित्रकार प्राण यांची हिंदी कॉमिक्स टेबलावर ठेवली. चाचा चौधरी, १९७१ साली 'लोटपोट' या मुलांच्या हिंदी नियतकालिकात आलेला लाल पगडीवाला म्हातारा. बऱ्हाणपूर इथून जवळ, त्यामुळं हिंदीचं कुणाला वावडं नाही. एक नाना आहेत, सत्तरी पार, ते रोज एक अंक वाचतात आणि मोठ्यानं वाचतात. बाजूचे लोक पेपर खाली ठेवून ऐकतात.

चाचा चौधरीचा साथीदार साबू गुरू ग्रहावरचा. त्याला राग आला की तिकडं ज्वालामुखी फुटतो. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर गेला, बागेतली केळी होरपळायला लागली, की नाना आल्या आल्या विचारतात, "साबूला कोनं डिवचलं रे?" आता हा गावाचा शब्द झाला आहे. परवा तलाठी ऑफिसमध्येही ऐकला.

निर्गम सहायक (चाळीसगाव)

आमच्याकडे पेपर वाचायला येणारा एक जण रोज 'चिंटू' ब्लेडनं कापून न्यायचा. १९९१ साली सुरू झालेली ती पेपरातली छोटी चित्रपट्टी. त्याच्या मागच्या बाजूला काय छापून येईल ते ज्याच्या त्याच्या नशिबावर. एकदा नेमके कापसाचे भाव गेले. शेतकरी खवळले. भोकातून माझ्याकडे बघत विचारू लागले, "साहेब, आज कापूस काय भाव गेला?"

शेवटी आम्हीच दुसऱ्या दिवशी पट्टी कापून वहीत चिकटवायला लागलो. ती वही आमच्याकडची सगळ्यात जास्त वाचली जाणारी गोष्ट. दाखल क्रमांक नाही, किंमत नाही, प्रकाशक नाही. आणि तो ब्लेडवाला आता त्या वहीचा राखणदार झाला आहे, कुणी पान दुमडलं तर ओरडतो.

खिडकी उघडी (अमळनेर)

दिवाळी अंकांची गोष्ट कुणी कशी सांगितली नाही? ऐका.

'आवाज'ची खिडकी सगळ्यांना माहीत आहे. पानाला चौकोन कापलेला असतो, त्यातून मागच्या पानाचा तुकडा दिसतो, आणि जे दिसतं ते बघून सज्जन माणूस इकडेतिकडे बघून घेतो. पान उलटलं की मागं भलतंच साधं चित्र निघतं. आपल्याच मनात पाप, असा सगळा खेळ.

आम्ही वर्गणी घेऊन दिवाळी अंकांची योजना चालवतो. अंक आठवड्याला बदलतो. एका वर्षी वाचक तक्रार घेऊन आले, खिडक्या उघडत नाहीत. बघतो तर प्रत्येक खिडकीची दोन्ही पानं डिंकानं चिकटवलेली. व्यवस्थित, कडेकडेनं, घडी न पडू देता. काम करणारा हात सवयीचा होता.

देवघेव नोंदवही काढली. अंक ज्यांच्याकडून आला ते एक निवृत्त गुरुजी. गावात मान मोठा, सकाळी पूजा, संध्याकाळी प्रवचन. त्यांना विचारायचं कुणी? अध्यक्ष म्हणाले सचिवांनी विचारावं, सचिव म्हणाले हा ग्रंथपालाचा विषय.

मी गेलो. गुरुजींनी लगेच कबूल केलं. म्हणाले, "घराघरांत सुना-मुली अंक वाचतात. मी अश्लीलता बंद केली."

मी अंक त्यांच्यापुढं ठेवला. म्हटलं, गुरुजी, अश्लील जे वाटतं ते वरून दिसतंच आहे. निर्मळ चित्र मागं होतं, ते तुम्ही बंद केलंत.

गुरुजी बराच वेळ पानाकडे बघत बसले. मग त्यांनी आत हाक मारली, "अगं, गरम पाणी आण." आम्ही दोघांनी ओट्यावर बसून ओल्या कापडानं खिडक्या सोडवल्या. दोन फाटल्या. बाकीच्या उघडल्या तेव्हा प्रत्येक चित्रावर गुरुजी हसले, एकावर तर ठसका लागला. पुढच्या वर्षी योजनेत पहिलं नाव त्यांचं होतं आणि पहिली पसंती 'आवाज'.

सातपुड्यातली ताई (नंदुरबार)

मी धडगावकडच्या एका आश्रमशाळेत पुस्तकांची पेटी घेऊन जायचे. लहान पोरं पावरी बोली बोलतात. मराठी पुस्तक दिलं की आदरानं हातात धरतात, उघडून वास घेतात आणि परत देतात. कॉमिक्सही नेली, पण तिथंही फुग्यांतला मजकूर मराठी, हिंदी. चित्रं बघून झाली की प्रश्न उरायचा, हा माणूस एवढं तोंड उघडून काय म्हणतोय?

मग व्यंगचित्रकार शि. द. फडणीस यांचा चित्रसंग्रह नेला. शब्द नाहीतच. (बालभारतीच्या गणिताच्या पुस्तकातली त्यांची चित्रं माझ्या पिढीला आठवत असतील, गणित नाही आलं, चित्रं लक्षात आहेत.) त्यातलं ते गाजलेलं चित्र, एकाच्या कपड्यावर मांजरं आणि दुसऱ्याच्या कपड्यावर उंदीर. पहिल्यांदा सगळी गप्प. मला वाटलं, गेलं वाया. मग एका कोपऱ्यात खसखस झाली आणि ती पसरत गेली. एक लहान मुलगी काहीतरी बोलली आणि सगळी खोली लोळायला लागली. मला काही कळेना. मोठ्या वर्गातल्या मुलीनं सांगितलं: "ती म्हणते, हे दोन कपडे एका दोरीवर वाळत घालू नका."

तो विनोद चित्रात नव्हता. तिचा होता. त्यानंतर पेटी उघडली की मला ढकलून तेच पुस्तक आधी काढायची. मुलं एकमेकांना चित्रं सांगायची आणि सांगणाऱ्यागणिक गोष्ट वेगळी व्हायची. पुस्तकाचा पुठ्ठा सुटला, पानं मऊ पडली. निर्लेखनाच्या (रद्द करायच्या पुस्तकांच्या) यादीत टाका असं वरून सांगितलं. मी टाकलं नाही, बांधणी करून घेतली.

कोड सुधारा (जळगाव, विद्यापीठ परिसर)

आमच्या जुन्या नोंदी युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये. नव्या संगणकावर 'चिंटू' शोधा, काही नाही. उघडून बघितलं तर नावाच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी. एका पोरानं ती खिचडीच कागदावर उतरवून आणली आणि म्हणाला, सर, हे पुस्तक हवं. दिलं. तेच होतं.

एम.लिब. झालेली (धुळे)

ज्येष्ठांनो, एक माहिती. बॅटमनच्या कॉमिक्समधली बॅटगर्ल, म्हणजे बार्बरा गॉर्डन, ही गॉथम शहराच्या सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल आहे. जानेवारी १९६७ च्या अंकात ती पहिल्यांदा आली. आपला महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमही १९६७ चा. अमर चित्र कथाही १९६७. योगायोग बघा.

ड वर्ग

दिवसा देवघेव, रात्री दुसरं काम. आमच्याकडे सगळेच बॅटगर्ल आहेत. मी रात्री मेडिकलवर बसतो.

निर्गम सहायक

तिला पगार दर महिन्याला मिळतो की मार्चमध्ये एकदम?

लोकोशेड

मुखवटा घालून जाते म्हणजे तपासणीच्या दिवशीच जात असणार.

एम.लिब. झालेली

तुम्हाला काही सांगायची सोय नाही.

डांबरगोळी

धागा उघडा ठेवतो आहे. एक कामाचं: लोकोशेड नानांकडे बहादूरच्या काही जादा प्रती आहेत. १९७६ पासूनचा, आबिद सुरतींचा, चंबळच्या दरोडेखोरांशी लढणारा तो बहादूर. बदल्यात त्यांना मँड्रेक हवा. मराठीतला असेल तर उत्तम, कसर लागलेला चालेल, मुखपृष्ठ गेलेलं चालणार नाही. आणि धुळ्याच्या मॅडमसाठी कुणाकडे पहिल्या दहातली एखादी परीकथा असेल तर कळवा. साहेब पुढच्या महिन्यात परत येताहेत.