कुत्रा किती जोरात चावतो, हे यादी बघून ठरत नसतं!

तिरकस (धागाकर्ता):
काल 'जुना खेळाडू' यांनी 'सर्वात जोरात चावणारे दहा कुत्रे' ही यादी टाकली. पहिला नंबर कांगाल या तुर्की जातीचा, ७४३ पीएसआय. खाली 'बापरे'ची रांग. हे मोजलं कुणी आणि कसं, असं विचारलं तर मला उत्तर मिळालं, 'गुगल करा'. केलं. सगळ्या याद्या एकमेकींवरून उतरवलेल्या. म्हणून हा वेगळा धागा.

पीएसआय म्हणजे दर चौरस इंचावर किती पौंड, म्हणजेच दाब. तो काढायचा तर दात नेमका किती जागेवर टेकला ते कळायला हवं. पिल्लाचा सुईसारखा दुधाचा दात आणि म्हाताऱ्या कुत्र्याचा झिजलेला सुळा, दोन्हींमागे जोर तेवढाच असला तरी दाब वेगळा. जोर न्यूटनमध्ये सांगतात, आणि तो येतो स्नायूंमधून. कुत्रा काही चावत असताना त्याच्या कानशिलावर बोटं ठेवून बघा, खाली गोळा फुगताना लागेल. मुख्य काम त्याचं आणि गालातल्या स्नायूचं. डोकं मोठं तर या स्नायूंना जागा जास्त.

शिवाय तरफ. जाड पुठ्ठा कात्रीच्या टोकाला कापला जात नाही, म्हणून आपण तो स्क्रूजवळ सरकवतो. जबड्याचंही तेच. पुढच्या सुळ्यांपेक्षा मागच्या दाढांशी जोर कितीतरी जास्त. त्यामुळे 'अमुक जातीचा चावा इतका' म्हणणाऱ्याने आधी कुठल्या दाताशी ते सांगावं.

जुना खेळाडू:
एवढं लांबलचक लिहून शेवटी 'मोठ्या डोक्याचा कुत्रा जोरात चावतो' एवढंच निघालं ना? माझ्या यादीतही मोठ्या डोक्याचेच कुत्रे आहेत. आणि मोजलं कुणी म्हणता? नॅशनल जिओग्राफिकवर ब्रॅडी बार या प्राणितज्ज्ञाने मोजलंय. रॉटवायलर ३२८, जर्मन शेफर्ड २३८, पिटबुल २३५. सगळेच मूर्ख नसतात हो.

तिरकस:
त्याने मोजले ते पौंड, म्हणजे जोर. तुमच्या यादीने पुढे पीएसआय चिकटवलं. आणि एका जातीचा एक कुत्रा बघून अख्ख्या जातीचा आकडा?

दुपारची झोप:
पीएसआय असो नाहीतर पौंड, पिटबुलचा जबडा लॉक होतो त्याचं काय? मी डोळ्यांनी पाहिलंय. तीन माणसं ओढत होती, सोडायला तयार नव्हता.

सुळेवाला:
'सोडायला तयार नव्हता', हे तुम्हीच लिहिलंत. तयार नव्हता म्हणजे सोडू शकत होता. कुठल्याही जातीच्या जबड्यात खटका नसतो.

जबडा खरोखर बंद होणं मी घरात पाहिलंय. आमची चिंगी सहा वर्षांची असताना एक दिवस जांभईच देईना. तोंड दोन बोटांपलीकडे उघडेना, पाण्याच्या भांड्यात जीभ नुसती टेकवायची. डॉक्टरांनी भूल दिली तरी जबडा हलला नाही. निदान निघालं चावण्याच्या स्नायूंचा दाह. कुत्र्याच्या या स्नायूंमध्ये एक खास प्रकारचे तंतू असतात, अंगात इतरत्र जवळजवळ नसतात, आणि शरीराची प्रतिकारशक्ती नेमकी त्यांच्यावरच उलटते. स्टेरॉइडने तोंड उघडलं, पण दोन्ही कानशिलं खपाटीला गेली ती गेलीच. डोक्यावरून हात फिरवला की थेट हाड लागायचं. जोर कुठे असतो ते मला त्या खड्ड्यांनी शिकवलं.

मनकवडी:
सगळे जबडा मोजताय, मन कोण मोजणार? १९९५ मध्ये २२ कुत्र्यांना चामड्यात गुंडाळलेला मापक चावायला दिला होता. सगळ्यात कमी १३ न्यूटन, सगळ्यात जास्त १३९४, सरासरी २५६. याउलट पुढे भूल दिलेल्या कुत्र्यांच्या स्नायूंना विजेचे झटके देऊन मोजलं, तर दाढेशी आकडे ३००० न्यूटनच्या वर गेले. मधला फरक नुसता डोक्याच्या मापाचा नाही, मर्जीचाही आहे.

आमच्या वाघ्याचं डोकं कलिंगडाएवढं. पंजातला काटा काढताना त्याने माझं मनगट पूर्ण तोंडात धरलं. निघाली फक्त लाळ. आणि मावशीच्या पिटुकल्या पामेरियनने त्याच हाताच्या अंगठ्याचं नख आरपार केलं! पिल्लं भावंडांशी खेळताना जोर आवरायला शिकतात. जोरात चावलं की समोरचा केकाटतो आणि खेळ संपतो. जे पिल्लू फार लवकर आईपासून तोडलं, त्याचं हे शिकणं बऱ्याचदा अर्धवट राहतं.

साखळदंड:
मन, मर्जी, वा! हेच ऐकायचं राहिलं होतं. मोकळं कुत्रं घेऊन फिरणारा प्रत्येक माणूस लांबून हेच ओरडतो, 'तो काही करत नाही हो, खेळतो!' माझी म्हातारी मोती पट्ट्याला बांधलेली होती, बाजूने चालत होती. असाच एक 'काही न करणारा' आला, पाठीला धरलं, दोनदा झटकलं आणि सोडून दिलं. मालक म्हणे, बघा, चार भोकं तर आहेत, मलम लावा. डॉक्टरांनी केस भादरले तेव्हा कळलं. कातडी सैल असते, ती दाताबरोबर सरकते, आत स्नायू फाटून पिशवी झाली होती. त्या मालकाला न्यूटन मोजून दाखवू का?

मनकवडी:
वाईट वाटलं वाचून. पण मी मोकळं सोडा असं कुठे म्हटलं?

साखळदंड:
मर्जीवर सोडणं म्हणजे मोकळं सोडणंच. वाघ्याला बांधता का?

मनकवडी:
रस्त्यावर बांधते. मोकळ्या मैदानात सोडते, कारण मला तो माहीत आहे.

साखळदंड:
मोतीच्या वेळच्या मालकालाही त्याचा 'माहीत' होता.

दुपारची झोप:
साखळदंड यांना +१०००. आधी पट्टा, मग विज्ञान.

मनकवडी:
आयुष्यभर साखळीला बांधलेलं कुत्रं जास्त चिडकं होतं, तेही लिहा की मग. की फक्त मालकांनाच झोडायचं ठरलंय?

साखळदंड:
हातातला पट्टा आणि खांबाची साखळी यातला फरक कळत नसेल तर बोलणंच खुंटलं.

सुळेवाला:
अहो दोघंही जरा दमानं घ्या, कुत्री बरी. साखळदंड रागावलेत, पण मुद्दा त्यांचाच महत्त्वाचा आहे. इजा नुसत्या दाबाने होत नाही. धरून झटकलं, की समोरचा ओढू लागला, की फाटतं. कुठलाही मापक ते झटकणं मोजत नाही.

जुना खेळाडू:
म्हणजे जातीचा काहीच संबंध नाही, असं लिहून द्या सगळ्यांनी. मी फ्रेम करून लावतो.

तिरकस:
नाही देत. कवट्या मोजून केलेला २००९ चा अभ्यास आहे. डोकं मोठं तसा जोर वाढतो. मध्यम आणि मोठ्या कुत्र्यांत तोंड आखूड असेल तर आणखी वाढतो, कारण तरफेचा पुढचा हात आखूड होतो. लहान कुत्र्यांत आखूड तोंडाचा तसा फायदा दिसत नाही, तेव्हा पगवाल्यांनी छाती फुगवू नये. जातीने डोक्याचा आकार ठरतो, एवढा संबंध आहे. घ्या, मान्य.

पण ती झाली कमाल मर्यादा. त्यातलं किती वापरायचं ते कुत्रं ठरवतं, मनकवडी म्हणतात तसं. (आणि हो, पट्टा बांधा. नाहीतर साखळदंड मला झोपू देणार नाहीत.)

जुना खेळाडू:
ठीक आहे, यादीतून कांगाल काढतो. रॉटवायलर राहणार.

तिरकस:
राहू दे. फक्त शेजारी लिहा, 'पौंड, आणि एकच कुत्रा'.

साखळदंड:
मनकवडी, मैदानाचं उत्तर अजून आलेलं नाही.