मदत हवी आहे: उकडलेल्या मटकीच्या बरणीतली चुन्याची निवळीही दुधाळ झाली!

नमस्कार मंडळी. आम्ही ऐरोलीत राहतो. लेक सातवीत आहे, सोमवारी शाळेत तिला 'सजीवांची लक्षणे' यावर प्रयोग दाखवायचा आहे.

मोड आलेली मटकी श्वसन करते हे दाखवायचं ठरलं. श्वसनात सुटणाऱ्या कार्बन डायऑक्साइडने चुन्याची निवळी दुधाळ होते, त्यावरून ते कळतं. पानवाल्याकडून चुना आणला, पाण्यात ढवळून रात्रभर ठेवला आणि वरची नितळ निवळी काढून घेतली. एका बरणीत मोड आलेली मटकी, दुसरीत तेवढीच उकडून गार केलेली. दोन्हींत निवळीची छोटी वाटी ठेवली आणि झाकणं घट्ट लावली. दुसऱ्या दिवशी पहिल्या वाटीतली निवळी पांढरट, दुसरीतली स्वच्छ. लेक नाचायचीच बाकी होती.

पण तिसऱ्या दिवशी दुसरीही दुधाळ! मटकी बुळबुळीत, आंबूस वास. मला वाटतं, उकडलेल्या दाण्यांवर जिवाणू वाढले आणि कार्बन डायऑक्साइड त्यांनीच सोडला. म्हणजे तिथेही श्वसन सजीवांचंच, फक्त मटकीचं नाही. लेकीला हे फार आवडलंय. मांसात अळ्या आपोआप होत नाहीत हे दाखवायला इटालियन शास्त्रज्ञ रेडीने 1668 मध्ये उघड्या आणि झाकलेल्या बरण्यांतलं मांस ताडून पाहिलं होतं, तशी तुलना आपलीही हवी, हा तिचा हट्ट.

तर घरच्या घरी जिवाणू कसे रोखावेत? प्रयोगशाळेतलं फॉर्मेलिन (जंतू मारणारं विषारी रसायन) मला मुलीच्या हाती द्यायचं नाही. बरण्या उकळून घेतल्या तर पुरेल? की निकाल 24 तासांतच नोंदवावा?

आणि कोरडी मटकी? ती तिसऱ्या बरणीत ठेवून पाहिली, निवळीला काहीच झालं नाही, पण भिजवली की तिलाच मोड येतात. ती जिवंत आहे हे मुलांना कसं पटवावं? शिक्षक मंडळींनी कृपया सांगा.