गावातली जिल्हा परिषदेची शाळा चांगली आहे की नाही, हे ओळखायचं कसं? (कोरेगाव तालुका)

रानजाई_कोरेगाव

नमस्कार मंडळी. आम्ही येत्या मे महिन्यात पुणं सोडून गावी, कोरेगाव तालुक्यात, कायमचे राहायला येतोय. सासऱ्यांना आता शेती झेपत नाही आणि यजमानांचं काम घरूनही चालतं. मुलगी यंदा पहिलीत जाईल.

गावात जिल्हा परिषदेची पहिली ते चौथीची शाळा आहे. द्विशिक्षकी, पट चाळीसच्या आसपास. दुसरी एक खाजगी, इंग्रजी माध्यमाची, कोरेगावात. तिची बस सकाळी फाट्यावर येते. घरात यावरून दोन तट पडलेत. सासरे त्याच गावच्या शाळेत शिकले, त्यांना नात घराजवळ हवी आहे. जाऊबाई म्हणतात, आता तिथे फक्त ज्यांना परवडत नाही त्यांचीच मुलं उरलीत.

मी एका शनिवारी सकाळी जाऊन आले. रंगरंगोटी छान होती, एका वर्गात मोठा टीव्ही होता, व्हरांड्यात शिष्यवृत्तीधारकांचा फलक होता, पण त्यावरचं शेवटचं नाव २०१५ चं. दोन शिक्षकांपैकी एक मीटिंगला गेले होते. बाई एकट्याच चारही वर्ग सांभाळत होत्या. बोलल्या मनापासून, पण त्यांना वेळ नव्हता. घरी येऊन शाळेचा यूडायस अहवाल, म्हणजे सरकारी नोंदीतली शाळेची माहिती, काढला. खोल्या, स्वच्छतागृह, पाणी, वीज, सगळं आहे. मुलांना काय येतं ते मात्र त्यात कुठेच नाही.

मला कुणाची बाजू घ्यायची नाही. नेमकं काय बघू आणि कुणाला काय विचारू, एवढंच सांगा.

कृष्णाकाठ_कराड

मी स्वतः झेडपीच्या शाळेत शिकलो. गुरुजी देवमाणूस होते, गणित पक्कं झालं ते त्यांच्यामुळेच. पण पुढे इंजिनिअरिंगला इंग्रजीनं जो त्रास दिला तो विसरलो नाही, म्हणून दोन्ही मुलींना इंग्रजी माध्यमात घातलं. आम्ही दोघंही नोकरी करतो, पण रोज संध्याकाळी त्यांचा अभ्यास घ्यायला बसावंच लागतं. तुम्हाला ते जमणार असेल तर इंग्रजी माध्यमाला घाबरू नका. फक्त बसचा वेळ धरून दिवस किती लांबतो ते बघा. सहा वर्षांचं मूल दमतं.

निवृत्त_केंद्रप्रमुख_खटाव

ताई, मी सातारा जिल्हा परिषदेत आधी शिक्षिका होते, मग मुख्याध्यापिका, शेवटी केंद्रप्रमुख. नोकरीची सुरुवात पाटणच्या डोंगरात झाली, मधली वर्षं माणमध्ये गेली, निवृत्त खटावमधून झाले. केंद्रप्रमुखाकडे दहा-बारा शाळा असतात आणि वर्षभर त्यांच्यात फिरायचं असतं. शाळेत पाऊल टाकल्यावर नजर कुठे जायला हवी, ते त्या फिरण्यात ठरत गेलं.

रंग आणि टीव्ही आधी बाजूला ठेवा. ते बहुधा लोकवर्गणीतून किंवा ग्रामपंचायतीच्या निधीतून होतं. गावाला शाळेची आपुलकी आहे एवढं त्यातून कळतं, आणि ते थोडं नाही. पण वर्गात काय चालतं ते नाही कळत.

फलकावरून तर त्या शाळेला बोल लावूच नका. शिष्यवृत्ती परीक्षा पूर्वी चौथीला आणि सातवीला होती. मग ती पाचवी-आठवीला नेली आणि २०१७ पासून पाचवीची मुलं बसू लागली. पहिली ते चौथीच्या शाळेत पाचवीच नाही, तर फलकावर नाव कुठून येणार? आता ती पुन्हा चौथी-सातवीला आणायचं ठरलंय, तेव्हा पुढे नावं दिसतीलही. तेव्हाही नुसती नावं मोजू नका. वर्गात मुलं किती होती, परीक्षेला किती बसवली आणि पात्र किती ठरली, हे तीन आकडे विचारा. जादा तास घेऊन चार हुशार मुलं फलकावर चढवायची आणि त्याच वर्गातली बाकीची नुसती बसून राहायची, अशा शाळा मी बघितल्यात. त्या बसून राहिलेल्या मुलांचं मला अजूनही वाईट वाटतं.

माझी कसोटी तिसरीतली मागे पडलेली दोन मुलं. हुशार मूल कुठेही शिकतं, निम्मं तर घरीच शिकतं. शाळा काय करते ते कळतं, ज्याच्या घरी कुणी पुस्तक उघडून बसत नाही त्या मुलाकडे बघून. प्रथम संस्थेच्या ‘असर’ सर्वेक्षणात मुलांपुढे अक्षरं, शब्द, छोटा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट ठेवतात, तसंच तुम्हीही करा. मुख्याध्यापकांना सांगा की मुलीला इथे घालायचा विचार आहे, तासभर वर्गात बसू का? काम करणारा शिक्षक सहसा नाही म्हणत नाही. दुसरीच्या पातळीचं एक गोष्टीचं पुस्तक सोबत न्या आणि तिसरीतल्या मुलांजवळ बसून थोडं थोडं वाचून घ्या. परीक्षा घेतल्यासारखं नको. पोरं घाबरतात आणि येत असलेलंही अडतं. वाचून झाल्यावर पुस्तक मिटा आणि गोष्टीत काय झालं ते विचारा. घडाघडा वाचून काहीच सांगता न येणारी मुलं असतात, आणि अडखळत वाचून सगळी गोष्ट सांगणारीही असतात. दुसऱ्या मुलाला शाळेनं जास्त दिलंय.

मग ५२ वजा २७ द्या. उत्तर ३५ आलं, तर मूल बहुधा लहान अंक मोठ्यातून काढतंय, हातचा त्याला कळलेला नाही. अशी चूक कुठल्याही शाळेत सापडेल, त्यावरून शाळेला नापास करू नका. तीच चूक बाईंना दाखवा आणि त्या काय करतात ते बघा. ‘चुकलं, परत कर’ म्हणून पुढे गेल्या, की काड्यांचे दशक सोडवून मुलाला समोर मांडायला लावलं? ‘अहो, या चौघांचं तिथेच अडतंय, सोमवारपासून तेच घेतेय’ असं ज्या बाई नावं घेऊन सांगतात, त्यांच्या हाती मूल निर्धास्त सोपवावं.

आता तुमच्या शनिवारबद्दल. साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, हे शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टातच आहे. म्हणजे चाळीस पटाला दोन शिक्षक ही काही कमतरता नाही. पण दोघांत चार वर्ग याचा अर्थ असा की एक शिक्षक पहिली-दुसरी घेतो, दुसरा तिसरी-चौथी. एका वर्गाला शिकवताना दुसरा वर्ग आपापलं काहीतरी करत असतो. द्विशिक्षकी शाळेचा खरा कस त्या दुसऱ्या वर्गात लागतो. फळ्यावरचं वहीत उतरवून घ्या, मग तेच पुन्हा उतरवा, असं चाललं असेल तर मुलांचा निम्मा दिवस वाया जातोय. याउलट मोठी मुलं छोट्यांचं वाचन घेतायत, गटात शब्दकार्डं घेऊन बसलीत, कोपऱ्यातल्या पेटीतून स्वतः पुस्तक काढतायत, तर त्या शिक्षकानं आदल्या संध्याकाळी विचार केलेला असतो. दोन इयत्ता एकत्र असणं हे मी कधीच वाईट मानलं नाही. पहिलीतलं मूल दुसरीचं ऐकत ऐकत पुढे जातं. पाटणमध्ये माझ्या वर्गात ते मी रोज बघत होते.

वह्या मागून घ्या, त्याही कुठल्याही पाच, निवडून दिलेल्या नव्हेत. लाल टिक किती आहेत ते सोडा. चुकलेला शब्द मुलानं खाली पुन्हा लिहिलाय का, ते बघा. आणि ‘माझा आवडता सण’ पाचही वह्यांत एकाच वाक्यानं सुरू होत असेल, तर तो निबंध फळ्यावरून उतरलाय.

शेवटचं, पट. यूडायसमध्ये इयत्तावार संख्या मिळते, दोन-तीन वर्षांची शेजारी ठेवून बघा. पण पट घटला म्हणून शाळा बिघडली, असं लगेच म्हणू नका. गावात मुलंच कमी जन्मतात आणि माणसं पुण्या-मुंबईला जातात. त्यापेक्षा अंगणवाडी सेविकेला विचारा, गेल्या वर्षी तुमच्याकडून किती मुलं पहिलीला गेली आणि त्यातली गावच्या शाळेत किती? तो आकडा खरं सांगतो. आणि हंगामात तुमच्याकडे ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात, त्यांची मुलं शाळेत दिसतात का तेही बघा. त्यांच्या कोप्यांवर, म्हणजे झोपड्यांवर, जाऊन त्या मुलांना वर्गात आणणारा शिक्षक असेल, तर तुमच्या मुलीकडे त्याचं लक्ष असणार की नाही, हा प्रश्नच उरत नाही.

जत_पूर्व

बाईंनी फार मोलाचं सांगितलं. मी सांगली जिल्ह्यातला, जतच्या पूर्व भागातला. आमच्याकडे जिल्हा परिषदेच्या कन्नड माध्यमाच्याही शाळा आहेत, आणि मराठी शाळेतसुद्धा घरी कन्नड बोलणारी मुलं भरपूर. माझा मुलगा पहिलीत गेला तेव्हा दिवाळीपर्यंत वर्गात तोंड उघडत नव्हता. त्याचे गुरुजी कोल्हापूरकडचे, त्यांना कन्नड येत नव्हतं. त्यांनी मुलांकडूनच रोज थोडे शब्द शिकायला सुरुवात केली आणि ते फळ्यावर मराठीशेजारी लिहीत गेले. पोरगं बोलायला लागलं ते तेव्हापासून. आज पाचवीत आहे, नवोदयची तयारी करतोय, आमच्या जिल्ह्याचं नवोदय पलूसला आहे.

ताई, तुमची मुलगी पुण्याहून येतेय. तिची बोली आणि गावातल्या पोरांची बोली वेगळी असणार. एखादं मूल घरच्या बोलीत बोललं तर शिक्षक हसतात, दुरुस्त करत सुटतात की आधी ऐकून घेतात, एवढं नक्की बघा. आणि हेच इंग्रजी शाळेतही बघा. मराठीत बोलल्याबद्दल दंड घेणाऱ्या शाळा आमच्या भागात आहेत.

रानजाई_कोरेगाव

बाई, तुमचं उत्तर मी घरात सगळ्यांना वाचून दाखवलं. सासरे दोनदा ऐकायला बसले. त्या शनिवारी बाई पहिली-दुसरीला शिकवत होत्या तेव्हा चौथीतल्या दोन मुली तिसरीच्या मुलांचे पाढे घेत होत्या. मी तेव्हा ते शिक्षक नसल्याचं लक्षण समजत होते.

एक भीती मात्र राहते. बदली. आज या बाई चांगल्या आहेत आणि उद्या त्या गेल्या तर?

निवृत्त_केंद्रप्रमुख_खटाव

भीती रास्त आहे, ताई. झेडपीत बदल्या होतातच. दोघांची शाळा असेल तर एक जण गेला की निम्मी शाळा बदलते. म्हणून दोघंही या शाळेत कधी रुजू झाले ते विचारा. दोघं एकाच वर्षी आले असतील तर ते एकाच वेळी जायचीही शक्यता असते.

त्याहून महत्त्वाचं, मागची बदली झाली तेव्हा काय झालं ते शाळा व्यवस्थापन समितीतल्या एखाद्या आईला विचारा. कायद्यानं त्या समितीत पाऊण हिस्सा पालक आणि निम्म्या महिला असाव्या लागतात, त्यामुळे गावात अशा आया सापडतीलच. समिती नुसती सह्यांपुरती असेल तर त्यांना बैठक कधी झाली तेही आठवणार नाही. जिवंत असेल तर त्या सांगतील, ‘जागा रिकामी राहिली म्हणून आम्ही गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जाऊन बसलो’ किंवा ‘नवीन गुरुजी येईपर्यंत गावातली डी.एड. झालेली मुलगी वर्गावर जात होती.’ माणमधल्या एका वाडीत मी हे स्वतः बघितलंय. शिक्षक तीनदा बदलले, पण वाचनाचा तास बंद पडला नाही, कारण आयांनी तो पडू दिला नाही. मुलगी दाखल झाली की तुम्हीही समितीच्या निवडीला उभ्या राहा. पुण्याहून आलेली म्हणून कुणी नावं ठेवणार नाही, कागदपत्रं समजणारी आई शाळेला हवीच असते.

आणि कोरेगावच्या शाळेलाही हेच सगळं लावा. तिसरीच्या वर्गात बसू द्या म्हणा. तिथे शिकवणाऱ्यांची डी.एड. आणि टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) झाली आहे का, गेल्या दोन वर्षांत किती जणी सोडून गेल्या, ते विचारा. बदली तिथे होत नसली तरी पगार कमी म्हणून शिक्षिका लवकर सोडतात. इंग्रजी धडा वाचून घ्या आणि गोष्ट मराठीत सांगायला लावा. कराडचे भाऊ म्हणतात तसं घरी रोज घेऊन बसणारं कुणी असेल तर तिथेही मूल चांगलं शिकेल. आमच्या बहुतेक घरांत तसं कुणी नसतं, म्हणून मी गावच्या शाळेकडे एवढ्या बारकाईनं बघते.

परत जाल तेव्हा शनिवार नको. अर्धी शाळा असते, परिपाठ आणि कवायतीतच वेळ जातो. मंगळवार-बुधवार धरा, परिपाठाच्या आधी पोचा आणि पोषण आहार वाढून होईपर्यंत थांबा. जमलं तर मार्चच्या आत जा. नंतर परीक्षांची गडबड सुरू होते आणि शिक्षकांना तुमच्याशी बोलायला सवड राहत नाही.