लक्ष्मीच्या जुन्या तसबिरीची फ्रेम बदलायचीय, मदत हवी आहे (अर्जंट)

कसबापेठी: आजीच्या लग्नातली रविवर्म्याची लक्ष्मी आहे, मागची फळी किडीने पोखरलीय, हलवली की भुसा पडतो. रविवारी वास्तुशांत आहे त्याआधी नवी फ्रेम हवी. फ्रेमवाला म्हणतो चित्र प्लायवर चिकटवून लॅमिनेशन मारतो, दोन तासांत देतो. देऊ का?

गिरगावकर: अजिबात नको!! एकदा चिकटवलं की परत निघत नाही. आमच्या सत्यनारायणाचं असंच केलं, दोन पावसाळ्यांत फुगे आले. चित्र कागदावर आहे की कापडावर? साइज काय? काचेला टेकलंय का?

सुतारदादा: आमच्या दुकानातल्या दत्ताला लॅमिनेशन करून १५ वर्षं झाली, काही होत नाही.

गिरगावकर: दादा तो दत्ता कॅलेंडरचा असेल. या जुन्या छापांवर बऱ्याचदा वार्निश असतं, दमट हवेत काचेला धरतं.

मायमाऊली: घरात उभी लक्ष्मी लावू नये म्हणतात, बसलेली लावा.

जुनंबाजार: खाली कार्ला लोणावळा छापलंय का बघा, रविवर्म्याचा प्रेस १८९४ ला मुंबईत निघाला आणि १८९९ ला लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. विकणार असाल तर कळवा.

कसबापेठी: विकायची नाहीये, आणि आजीने ६० वर्षं हीच उभी लक्ष्मी पुजली. कागदच आहे, २० बाय १४ इंच. पदराला आजीने टिकल्या आणि जर लावलीय. हत्तीच्या सोंडेपाशी काचेला चिकटलंय, सुरीने सोडवू?

गिरगावकर: सुरी नको, पाणी नको, ड्रायरही नको, रंग काचेवर राहील आणि कागद हातात येईल. काच चित्रासकट तशीच ठेवा आणि मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं कला संवर्धन केंद्र आहे तिथे विचारा. फळीत कीड आहे म्हणून ती तेवढी काढा, तसबीर चादरीवर उपडी ठेवून खिळे पकडीने हळू ओढा, ठोकाठोकी नको. फळी घराबाहेर टाका. पुढे फ्रेम कराल तेव्हा ॲसिड-फ्री माउंट (चित्रामागचा आम्ल नसलेला पुठ्ठा) घ्या आणि काच चित्राला टेकू नये म्हणून कडेने काचेखाली पट्टी टाका, टिकल्या आहेत म्हणजे काच लांबच हवी. चित्र फक्त वरच्या कडेला जपानी कागदाच्या (पातळ पण चिवट असतो) पट्ट्यांनी गव्हाच्या खळीवर टांगायचं. फेव्हिकॉल, सेलोटेप काही नको.

सुतारदादा: खळीला झुरळं लागतात.

गिरगावकर: वाटीभर नाही लावायची दादा, बोटभर पट्टीला पुरते.

कसबापेठी: फळी काढली. आत चित्राच्या पाठीला जुनं वर्तमानपत्र चिकटवलंय, पिवळं पडून कडांना तुकडे पडतायत. ते सोलू का?

गिरगावकर: नका सोलू, कागद सोबत येईल. फोटो काढा आणि स्वच्छ पुठ्ठ्यावर आडवी ठेवा. रविवारी पाटावर आडवीच ठेवून पूजा करा, चालतं.