कृष्णेचा येवा: २०६० की २१७३?

घाटमाथा: "कृष्णेत किती पाणी आहे हे लवादाने ठरवले आहे, मग जुन्या प्रवाहांचा घोळ कशाला?" असे कालच्या टिपणात वाचले आणि राहवले नाही. कोणत्या लवादाने? कृष्णेचे पाणी राज्यांत वाटून देणारे लवाद दोन झाले. पहिल्या, बच्छावत लवादाने १८९४-९५ ते १९७१-७२ या ७८ वर्षांवरून ७५ टक्के विश्वासार्हतेचा येवा, म्हणजे चारांपैकी तीन वर्षे तरी नदीत येईल एवढे वर्षाचे पाणी, २०६० टीएमसी (अब्ज घनफूट) धरला. दुसऱ्या, ब्रिजेशकुमार लवादाने १९६१-६२ ते २००७-०८ या ४७ वर्षांवरून तोच २१७३ काढला. फरक ११३ टीएमसी, म्हणजे भरलेल्या कोयनेहून जास्त! शिवाय यातला एकही आकडा थेट मोजलेला नाही; खाली विजयवाड्याला मोजलेल्या पाण्यात वर अडवलेले, उपसलेले आणि जलाशयांतून वाफ होऊन गेलेले पाणी मिळवून तो बसवलेला आहे.

जुना अभियंता: बेरीज करणे म्हणजे आकडा बसवणे नव्हे. काळ वेगळा असेल तर येवाही वेगळा येणारच. उलट जुन्या वर्षांत वरचा वापर थोडा असल्याने मिळवायची रक्कम लहान आणि तिच्यातली चूकही लहान. म्हणून लांब मालिकेचा आंध्रचा आग्रह मला, महाराष्ट्राचा असूनही, पटतो.

घाटमाथा: विजयवाड्याच्या जुन्या बंधाऱ्यावरून जाणारे पाणी पातळीवरून सूत्राने काढत. त्यातला गुणांकच चुकला असेल, तर प्रत्येक वर्ष एकाच बाजूला चुकते आणि मालिका कितीही लांबवली तरी ती चूक धुऊन निघत नाही, हे आपणांस सांगावे लागावे?

काठावरची: माझे वडील एका उपनदीवर पातळी नोंदवत असत. एका पुरात मोजपट्टीच पाण्याखाली गेली, तेव्हा त्यांनी घरी कंदिलापाशी बसून अंदाजे आकडा लिहिला. शाईने लिहिल्यावर तो मोजमाप ठरला! आणि उपसा? आमच्या काठावर परवाना पाचच्या मोटरीचा, नदीत मोटर दहाची. उसाला गेलेले हे पाणी कोणत्या बेरजेत येते?

ऊसवाला: आले, शेवटी उसावरच आले! शहरे नदीतून किती उचलतात आणि सांडपाणी म्हणून किती परत सोडतात, तेही कधी विचारा. आमची वीजबिले पाहा, म्हणजे उपशाचे तास कळतील.

काठावरची: वीजबिले? आकडे टाकून चालणाऱ्या मोटरींचीही?

ऊसवाला: सगळ्यांना चोर ठरवण्याआधी स्वतःच्या घरातला अंदाज आठवा.

जुना अभियंता: भांडण पुरे. वडिलांची ती रात्र मान्य, गुणांकाचा मुद्दाही, नाइलाजाने, मान्य. प्रत्येक येव्यापुढे हवी तेवढी अधिक-उणे चूक लिहू. मात्र वाटपाच्या दिवशी त्यातले "उणे" कोणत्या राज्याने घ्यायचे, तेवढे घाटमाथ्यावरून कळवावे.