जुन्या डेस्कटॉपचा संगीत-सर्व्हर: सगळं एसएसडीवर, की गाणी हार्डडिस्कवरच?

मंद्रसप्तक:
कचेऱ्यांतून निघालेले २०१२ च्या आसपासचे ऑप्टिप्लेक्स ७०१०सारखे छोटे डेस्कटॉप मुंबईत लॅमिंग्टन रोडला सहज मिळतात. घरभर गाणी पुरवायला तिसऱ्या पिढीचा आय-५ आणि ८ जीबी रॅम म्हणजे चैन आहे. घोडं अडतं ते डिस्कपाशी.

माझं मत सरळ आहे. जुनी ५०० जीबीची डिस्क काढा, २ किंवा ४ टीबीची एकच २.५ इंची साटा (डिस्क जोडायचा नेहमीचा जोड) एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली चिपवरची डिस्क, लावा. घरघर नाही, धक्क्याची भीती नाही. ३.५ इंची डिस्क नुसती फिरत राहिली तरी ५ वॅट धरा, म्हणजे वर्षाला ४४ युनिटं फुकट.

बोर्ड क्यू७७ चिपसेटचा आहे. त्यावर सेकंदाला ६ गिगाबिटचे साटा पोर्ट दोनच, बाकीचे ३ चे. एसएसडी ६ च्या पोर्टला जोडा. एनव्हीएमईच्या (साटाऐवजी पीसीआय एक्सप्रेसवर चालणाऱ्या वेगवान एसएसडीच्या) नादी लागू नका, पीसीआय एक्सप्रेस कार्डावरच्या एनव्हीएमईवरून हे मूळ बायोस (मशीन सुरू करणारं बोर्डावरचं सॉफ्टवेअर) बूटच करत नाही. आणखी एक, सिस्टिम टाकायच्या आधी बायोसमध्ये 'साटा ऑपरेशन' एएचसीआयवर (डिस्क एकेकटी चालवायची साधी पद्धत) न्या. डेलच्या मशीनमध्ये ते बहुधा 'रेड ऑन'वर (अनेक डिस्क एकत्र चालवायची पद्धत) असतं. आधीचं विंडोज तसंच ठेवून बदललंत तर निळा पडदा ठरलेला.

फिरती_तबकडी:
साफ असहमत. मशीनच्या किमतीहून महाग एसएसडी लावायची म्हणजे नाकापेक्षा मोती जड.

हिशेब बघा. सीडी दर्जाची फ्लॅक (दर्जा न घटवता दाबलेली) फाइल सेकंदाला साधारण ११०-१२० केबी मागते. २४ बिट, १९२ किलोहर्ट्झचं स्टिरिओ ध्वनिमुद्रण अजिबात न दाबताही १.१५ एमबीच्या वर जात नाही. म्हातारी ५४०० आरपीएम डिस्कसुद्धा ओळीने वाचताना ८०-१०० एमबी देते. म्हणजे गाणं वाजवण्यात एसएसडीचा काडीचा फायदा नाही.

फायदा आहे तो डेटाबेसमध्ये. संगीत-सर्व्हरचं सॉफ्टवेअर लिरियन (पूर्वीचा लॉजिटेक मीडिया सर्व्हर) घ्या की नॅव्हिड्रोम, दोघांचाही डेटाबेस एसक्यूलाइटचा, म्हणजे डिस्कवरच्या साध्या फाइलीत राहणारा. शोध, अल्बमची चित्रं, टॅग (फाइलीतली गाण्याची माहिती) वाचणं हे सगळं बारीक बारीक तुकड्यांत चालतं आणि तिथे हार्डडिस्कचं डोकं इकडून तिकडे धावून दमतं. म्हणून सिस्टिम आणि डेटाबेस १२० किंवा २४० जीबीच्या एसएसडीवर, गाणी ३.५ इंची डिस्कवर. डेबियन लिनक्सवर लिरियनचा साठा /वार/लिब/स्क्वीझबॉक्ससर्व्हर/कॅश मध्ये असतो, तो आपसूकच एसएसडीवर येतो.

जागा नाही म्हणाल, तर डीव्हीडी ड्राइव्ह काढा आणि तिथे कॅडी (त्या खाचेत डिस्क धरणारी चौकट) बसवा. कॅडी ९.५ आणि १२.७ मिमी अशा दोन जाडीत येते, ड्राइव्ह मोजल्याशिवाय मागवू नका. त्या बारक्या साटा जोडाला फक्त ५ व्होल्ट मिळतात, त्यामुळे तिथे ३.५ इंची डिस्क चालणार नाही. छोटी एसएसडी मात्र मस्त बसते.

मंद्रसप्तक:
@तबकडी, हिशेब मान्य. पण डिस्क सतत फिरवलीत तर वीज आणि आवाज, झोपवलीत तर उठायला ५ ते १० सेकंद. तेवढ्यात काही प्लेअर 'सर्व्हर सापडत नाही' म्हणून मोकळे होतात. बैठकीच्या खोलीत हे कोण सहन करणार? आणि एक सीडी फ्लॅकमध्ये ३००-४०० एमबी. हजार सीड्या झाल्या तरी ४०० जीबीच्या आत. कितीजणांकडे याहून जास्त असतात?

फिरती_तबकडी:
मग संगणकाची पेटी बैठकीत ठेवायचीच कशाला? नेटवर्कची तार ओढा आणि माळ्यावर टाका, फक्त हवा खेळती हवी. डिस्क झोपण्याआधीची वेळ वाढवता येते: एचडीपार्म या लिनक्सच्या आदेशाला -एस २४२ दिलं की एक तास, २४१ ला अर्धा तास. संध्याकाळी एकदा उठली की रात्रीपर्यंत जागी.

तांब्याचीतार:
एसएसडीवरून आवाज 'जास्त मोकळा' येतो असं कुणीतरी म्हणायच्या आत सांगून ठेवतो: नाही येत. प्लेअर आपल्या बफरमधून वाजवतो. फ्लॅकच्या शीर्षात मूळ ध्वनीची एमडी५ खूण (आशयावरून काढलेला ताळ्याचा आकडा) असते, ती जुळली की विषय मिटला.

रोहिणी_टॅग:
तुम्ही दोघं डिस्कवर भांडताय, पण खरी गोची कॉपी करताना होते. मराठी संग्रह असेल तर हमखास.

लिनक्सच्या एक्स्ट-४ या फाइलव्यवस्थेत फाइलच्या नावाला २५५ बाइटची मर्यादा आहे. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं, आणि काना, मात्रा, हलन्त ही सगळी वेगळी चिन्हं. म्हणजे जेमतेम ८५. विंडोजच्या एनटीएफएसमध्ये मर्यादा २५५ चिन्हांची असल्याने तिथे 'राग, बंदिश, ताल, गायक, मैफल, गाव, साल' असं सगळं नावात कोंबलेलं खपून जातं. एक्स्ट-४ मध्ये 'नाव फार लांब' म्हणून ती फाइल मागे राहते, आणि हजारो ओळींच्या यादीत ते दिसतही नाही. नाव आखूड ठेवा, तपशील टॅगमध्ये भरा.

दुसरं, मॅकच्या जुन्या एचएफएस प्लस डिस्कवरून आणत असाल तर 'ऱ' बघा. मॅक तो 'र' आणि खाली नुक्ता असा फोडून साठवतो. 'वाऱ्या' असलेली फाइल डोळ्यांना तीच दिसते, पण लिनक्सला वेगळी. पुढच्या आरसिंकला (फाइली कॉपी करून जुळवणारा आदेश) तिची दुसरी प्रत तयार होते. कॉन्व्हएमव्ही या नावं बदलणाऱ्या आदेशाला --एनएफसी (फोडलेली अक्षरं पुन्हा जोडा) देऊन नावं जुळवून घ्या. --नोटेस्ट दिलं नाही तर ते फक्त दाखवतं, बदलत नाही.

फिरती_तबकडी:
रोहिणीताई, हे वरच चिकटवून ठेवायला हवं. यात भर: गाण्यांची डिस्क एफएसटॅबमध्ये (बूट होताना जोडायच्या डिस्कांची यादी) यूयूआयडीने (तिच्या ओळखक्रमांकाने) आणि 'नोफेल'सकट (नाही लागली तरी पुढे जा) लिहा, नाहीतर डिस्क रुसली की मशीन बूटवरच अडकतं. पण नुसतं 'नोफेल' धोक्याचं. डिस्क न लागताच सर्व्हर सुरू झाला तर रिकामा फोल्डर पाहून तो आपली यादी झाडून टाकू शकतो. म्हणून सर्व्हरच्या सिस्टिमडी युनिटमध्ये (लिनक्समध्ये तो कधी सुरू करायचा हे सांगणारी फाइल) 'रिक्वायर्स-माउंट्स-फॉर' घाला, म्हणजे डिस्क लागल्याशिवाय तो सुरूच होणार नाही.

मंद्रसप्तक:
बघा, एकच डिस्क असती तर यातलं काहीच करावं लागलं नसतं.

तांब्याचीतार:
मंद्रसप्तकसाहेब, एकच डिस्क म्हणजे एकच प्रत. तुमच्या योजनेत बॅकअप कुठे आहे? काढलेली ५०० जीबीची डिस्क फेकू नका. आधी स्मार्टचे (डिस्क स्वतःच ठेवते त्या तब्येतीच्या नोंदींचे) आकडे बघा. नोंद क्र. ५ (बदललेले खराब भाग) आणि १९७ (संशयित भाग) शून्यावर असतील तर बॅकअपला चालेल. १९९ (डेटा नेताना झालेल्या चुका) वाढत असेल तर बहुधा साटा केबल खराब असते, ती बदला. उगाच डिस्कला दोष नको.

कपाटात ठेवायच्या प्रतीसाठी मात्र एसएसडी नकोच. जेडेक या चिप-उद्योगाच्या मानकसंस्थेच्या मानकात लिहून संपत आलेल्या घरगुती एसएसडीने ३० अंशांना विजेविना वर्षभरच डेटा टिकवणं अपेक्षित आहे. नवी असेल तर जास्त टिकेल, पण आपल्याकडचा मे महिना ३० अंशांवर थांबत नाही.

मंद्रसप्तक:
बॅकअपला हार्डडिस्क, मंजूर. ती यूएसबीने महिन्यातून एकदा जोडायची. चालू पेटीत तरीही एसएसडीच.

रोहिणी_टॅग:
आणि जुनी डिस्क पुसण्याआधी नव्या प्रतीवर सगळ्या फाइलींना 'फ्लॅक -टी' (ती एमडी५ खूण जुळते का बघणारा आदेश) चालवा. आरसिंक चूक न दाखवता संपलं, एवढ्यावर विसंबू नका. मूळ डिस्कवरच फाइल सडलेली असेल तर तो ती सडकीच इमाने इतबारे कॉपी करतो. एमपी३ मध्ये अशी खूण नसते, ती कानानेच तपासावी लागतात.