मदत हवी आहे: होहो बसने दोन दिवसांत शहर पाहायचे आहे, २४ तासांचे तिकीट की ४८?

चैत्रपालवी

अनोळखी शहरात पूर्ण दोन दिवस हाताशी आहेत, तिसऱ्या दिवशी पहाटे परत निघायचे आहे. पाच जण आहोत. त्यात दोघे सत्तरी ओलांडलेले (चालतात, पण जिने जपून) आणि एक सहा वर्षांचे मूल. उघड्या छताच्या हॉप-ऑन हॉप-ऑफ (होहो) बसने, म्हणजे एकाच तिकिटावर कुठल्याही थांब्यावर उतरून पुढची बस पकडता येते अशा बसने, फिरायचा विचार आहे. पत्रकात दिलेले असे:

लाल मार्ग: १६ थांबे, पूर्ण फेरी २ तास, दर २० मिनिटांनी बस, पहिली ९.३० ला, शेवटची ५ ला.
निळा मार्ग: ९ थांबे, फेरी १ तास १० मिनिटे, दर ४० मिनिटांनी बस.
तिकीट २४ किंवा ४८ तासांचे, दोन्हींवर दोन्ही मार्ग चालतात.

लाल मार्गावरची पाच ठिकाणे उतरून आतून बघायची आहेत. एका दिवसात जमेल का? कुठले तिकीट घ्यावे? वरच्या मजल्यावर कुठे बसावे? आणि ज्येष्ठांसाठी काय काळजी घ्यावी?

गणिती_काका

आधी बेरीज करू. फेरीची १२० मिनिटे. पाच ठिकाणी प्रत्येकी तासभर म्हणजे ३००. पाचदा उतरलात की पाचदा पुन्हा बसची वाट पाहणे आले: दर खेपेला सरासरी १०, नशीब रुसले तर २०, म्हणजे ५० ते १००. थांब्यापासून दारापर्यंत चालणे आणि तिकिटाची रांग धरून दर ठिकाणी आणखी १५ ते २० मिनिटे, म्हणजे ७५ ते १००. एकूण ५४५ ते ६२० मिनिटे, नऊ ते सवादहा तास. यात जेवण नाही. थोडक्यात, पाच ठिकाणे एका दिवसात होत नाहीत.

तीन ठिकाणांचे हेच गणित ३७५ ते ४२० मिनिटांवर येते, म्हणजे सवासहा ते सात तास. ते जमते.

आता 'शेवटची ५ ला' याचा अर्थ विचारून घ्या, कारण इथेच बहुतेक जण फसतात. ती बस पहिल्या थांब्यावरून ५ ला सुटून पूर्ण फेरी मारत असेल, तर १२ व्या थांब्यावर साधारण ६.२० ला येईल. पण सेवाच ५ ला संपत असेल, तर शेवटची पूर्ण फेरी ३ ला सुटते आणि तीच बस १२ व्या थांब्यावर ४.२० च्या सुमारास निघून जाते. तब्बल दोन तासांचा फरक! चौकशी करताना "शेवटची बस किती वाजता?" असे विचारू नका. "अमुक थांब्यावरून शेवटची बस किती वाजता, आणि ती कुठपर्यंत जाते?" असे विचारा.

निवांत_प्रवासी

वरच्या हिशोबाला अनुमोदन. या बसचा खर्च पैशात कमी आणि वाट पाहण्यात जास्त होतो. म्हणून पहिली पूर्ण फेरी कुठेही न उतरता करा. शहराचा नकाशा डोक्यात बसतो, कुठल्या दारापाशी किती गर्दी आहे ते वरून दिसते, आणि यादीतली एखाद-दोन ठिकाणे बाहेरूनच पाहून पुरेशी वाटतात.

तिकीट २४ तासांचे घ्या आणि दुपारी १ ला सुरू करा. दुसऱ्या दिवशी १ पर्यंत चालेल. जास्त तास पदरात पडतात.

गणिती_काका

तास तेवढेच पडतात हो! ९.३० ते संध्याकाळी ७ (५ ची बस पूर्ण फेरी मारते असे धरून) म्हणजे साडेनऊ तास. दुपारी १ ला सुरू केले तर पहिल्या दिवशी सहा आणि दुसऱ्या दिवशी साडेतीन, बेरीज तीच. सेवेची वेळ रोज सारखी असेल तर कुठल्याही २४ तासांत एका दिवसाचीच सेवा मावते.

फायदा आहे तो दोन तुकडे होतात याचा. सत्तरीच्या माणसांना सलग साडेनऊ तासांपेक्षा ते कितीतरी सोसवेल. पहिल्या दुपारी पूर्ण फेरी आणि एक ठिकाण, दुसऱ्या सकाळी दोन. उरलेल्या दोन ठिकाणी शहराच्या साध्या बसने किंवा मेट्रोने जा.

४८ तासांचे घेतलेत तर मात्र उलट करा: पहिल्या सकाळीच सुरू करा. दुपारी सुरू केलेले तिकीट तिसऱ्या दिवसावर सांडते, आणि तो दिवस तुमच्याकडे नाही. निळा मार्गही करायचा असेल किंवा पाचही ठिकाणी बसनेच जायचे असेल, तरच ४८ घ्या.

आणखी एक: '२४ तास' आणि '१ दिवस' यांत फरक आहे. पहिले तिकीट पहिल्यांदा स्कॅन झाल्यापासून मोजतात, दुसरे त्याच रात्री संपते. दुसरे तिकीट दुपारी १ ला सुरू करणे म्हणजे एक तृतीयांशाहून जास्त पैसे पाण्यात.

टेकडीवरून

बसण्याच्या जागेबद्दल.

बस घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने गोल फिरत असेल तर उजवी बाजू शहराच्या आतल्या अंगाला राहते, उलट फिरत असेल तर डावी. पाहण्यासारखे बरेचसे आतल्या अंगाला असते. पण नदीकाठ किंवा समुद्रकिनारा असेल तर तो बाहेरच्या अंगाला येतो. नकाशावर बोट फिरवून पाच मिनिटांत ठरवता येते.

उन्हाचे असे: उत्तर गोलार्धात बस पूर्वेकडे जात असेल तर दुपारचे ऊन उजवीकडून, पश्चिमेकडे जात असेल तर डावीकडून. सिडनीसारख्या दक्षिण गोलार्धातल्या शहरात बरोबर उलट. सकाळी उत्तरेकडे जाताना ऊन उजव्या गालावर. फेरी गोल असल्याने प्रत्येक बाजूला कधी ना कधी ऊन येणारच, म्हणून सगळ्यात लांब सरळ पट्टा कुठला तेवढेच बघा. विषुववृत्ताजवळ भर दुपारी कुठेही बसा, ऊन डोक्यावरच.

थंडीत लोक वाऱ्याला विसरतात. हवा १० अंश असताना ताशी ३० किलोमीटरचा वारा अंगावर आला की ६-७ अंशांसारखी बोचते, आणि वर तुम्ही दोन तास हलत नाही. कानटोपी हवीच, नुसती टोपी उडते. समोर काच असलेल्या पहिल्या रांगेत वारा कमी लागतो. काही बसना पुढच्या अर्ध्या भागावर छत असते, पावसात तीच जागा. पाऊस थांबल्यावर सीटच्या खोलगट भागात पाणी साचलेले असते, एक जुना पंचा जवळ ठेवा.

पुढची जागा सुरुवातीला मिळाली नाही तर हिरमुसू नका. सगळ्यात प्रसिद्ध थांब्यावर अर्धी बस रिकामी होते. तेव्हा आपण न उतरता पुढे सरकायचे. मात्र सरकायचे ते बस थांबलेली असतानाच. वर उभे राहायला मनाई असते ती उगाच नाही, झाडाच्या फांद्या आणि पुलाच्या कमानी बसलेल्या माणसाच्या हिशोबाने सोडलेल्या असतात. मूल सीटवर उभे राहणार नाही, एवढे एकाने पाहायचेच.

ज्येष्ठांपैकी कुणाला गाडी लागत असेल तर त्यांना खालच्या मजल्यावर, दोन्ही चाकांच्या मधोमध बसवा. वरचा मजला जास्त डोलतो, मागचे टोक जास्त उसळते.

उगाच_एक

लाल मार्गावर सहाव्या थांब्यावरून पाचव्यावर यायचे झाले तर?

गणिती_काका

चालत या. बस एकाच दिशेने फिरते, म्हणजे १५ टप्पे, जवळजवळ ११२ मिनिटे. शेजारच्या दोन थांब्यांतले अंतर बहुधा पायी जाण्याजोगे असते, पत्रकातला नकाशा मात्र प्रमाणात काढलेला नसतो, म्हणून फोनवर मोजा. याच कारणाने तुमची ठिकाणे थांब्यांच्या क्रमानेच पाहा, आवडीच्या क्रमाने नाही.

खिडकीपाशी

'दर २० मिनिटांनी' यावर फार विसंबू नका. कोंडीत अडकलेल्या बसला पुढच्या थांब्यावर जास्त माणसे भेटतात, ती चढायला वेळ लागतो, बस आणखी मागे पडते आणि मागची तिला गाठते. मग दोन बस पाठोपाठ आणि नंतर मोठी पोकळी. ५ आणि ३५ मिनिटे अशी आलटून पालटून अंतरे पडली, तर सरासरी तीच २०, पण थांब्यावर सरासरी वाट मात्र १० ऐवजी साडेपंधरा मिनिटे, कारण जास्त माणसे मोठ्या पोकळीतच येतात. दोन बस एकदम दिसल्या तर दुसरीत चढा, ती रिकामी असते. पाच जणांना एकत्र बसायचे असेल तर हा नियम सोन्यासारखा.

पहिल्या थांब्यावर बस ५-१० मिनिटे थांबते, चालक बदलतात, कधी सगळ्यांना उतरून दुसऱ्या बसमध्ये जायला सांगतात. मधल्या थांब्यावरून फेरी सुरू केलीत तर ही मोडतोड मध्येच वाट्याला येते. शक्यतो पहिल्याच थांब्यावर चढा.

स्वच्छतागृह या बसमध्ये सहसा नसते. दोन तासांची फेरी, दोन ज्येष्ठ, एक मूल... चढण्याआधी सगळे जाऊन या.

निवांत_प्रवासी

बसमध्ये इअरफोनवर ऐकू येणाऱ्या माहितीबद्दल कुणी लिहिले नाही. सीटजवळ ३.५ मिमीची खाच आणि भाषेचा क्रमांक निवडायची बटणे असतात. ब्लूटूथ इअरफोन तिथे निरुपयोगी, तारेचे न्या. बसमध्ये मिळणारे कानात नीट बसत नाहीत आणि वाऱ्यात ऐकू येत नाही. एकाच कानात आवाज आला तर पिन किंचित बाहेर ओढून फिरवा, तरी नाही तर सीट बदला, खाच झिजलेली असते. निवेदन बहुतेक जीपीएसवर चालते, म्हणून कोंडीत बराच वेळ नुसते संगीत वाजते. यंत्र बिघडलेले नसते. पण चर्चसमोर उभे असताना पुलाची माहिती येऊ लागली तर चालकाला सांगा.

चैत्रपालवी

खूप आभार. २४ तासांचे, दुपारी १ ला सुरू, असे ठरवते. दोन शंका. निळा मार्ग कुठे बसवता येईल का? आणि तिकीट ऑनलाइन काढले तर पाच जणांचे एकाच फोनवर चालेल?

गणिती_काका

निळ्याला फेरीची ७० मिनिटे, बदलताना वाट २० ते ४०, परत लालवर येताना १० ते २०. म्हणजे १०० ते १३० मिनिटे गेली, एक अख्खे ठिकाण. करायचाच असेल तर दुसऱ्या सकाळी, आणि निळ्याच्या पहिल्या थांब्यावरून. तिथली सुटण्याची वेळ छापलेली असते, मधल्या थांब्यांवर नुसता अंदाज.

ठिकाणे बंद असण्याचा वारही आजच बघा. पॅरिसमध्ये लूव्र संग्रहालय मंगळवारी बंद असते आणि ओर्से संग्रहालय सोमवारी. बस मात्र दोन्ही दिवशी तिथे थांबते.

खिडकीपाशी

ऑनलाइन घेताना तीन गोष्टी वाचा. ते थेट बसमध्ये स्कॅन होते की आधी खिडकीवर बदलून घ्यायचे. तारीख बांधलेली आहे की मोकळी. आणि २४ तास संपताना चालू फेरी पूर्ण करू देतात की नाही. मुलाचे तिकीट मोफत असले तरी बऱ्याचदा शून्य किमतीचे काढावेच लागते.

पाच कोड एका फोनवर चालतात, पण मग पाचही जण कायम बरोबर हवेत. ज्येष्ठ थकून आधी परतणार असतील तर त्यांचे कोड कागदावर छापून त्यांच्या खिशात द्या. फोनमध्ये स्क्रीनशॉट ठेवा, थांब्यावर नेट असेलच असे नाही. आणि बसमध्ये छापून मिळणारे तिकीट बिलाच्या गुळगुळीत कागदाचे असेल तर ते उन्हात ठेवू नका, उष्णतेने काळे पडते आणि दुसऱ्या सकाळी वेळ वाचता येत नाही. मिळाल्या मिळाल्या फोटो काढून ठेवा.